नानांचा होकार

नाशिक,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप नाना,

पाया पडते. तुम्ही येवल्याला सुखरूप पोचलात हे शेजारच्या सगुणा काकूंनी कळवलं. पिशवीतले चिवड्याचे पुडे त्यांच्यासाठी होते. वाटेत बसमध्येच फोडले नसतील अशी आशा करते. मी बरी आहे. इथे थंडी एवढी पडलीय की सकाळी अंघोळीचं नाव काढवत नाही.

उशाशी फोन असताना पोरगी पत्र का लिहितेय, असं तुम्हाला वाटेल. सांगते, पण जरा दमाने सांगू द्या.

आमच्या प्रयोगशाळेतली मुकी खोली तुम्हाला आवडली, याचंच मला केवढं कौतुक! ते जाडजूड दार बघून तुम्ही म्हणालात, "हे तर द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज दिसतंय." आत भिंतींना, छताला फोमची टोकदार पाचरं, चालायला तारेची जाळी आणि जाळीखाली पुन्हा पाचरं. मधोमध तो रबरी कानांचा पुतळा. त्याला तुम्ही टोपी सावरून रामराम घातलात आणि मनोज हसून हसून बेजार झाला. त्या पुतळ्याच्या कानांत माइक असतात. कानाची मशीनं त्याला लावायची आणि गलक्यातून एकाच माणसाचं बोलणं मशीन कसं वेचून काढतं ते मोजायचं, ही माझी पीएचडी. तुम्ही येवलाभर 'पोरगी कानाची डॉक्टर होणार' म्हणून सांगत फिरता. फिरा. मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

त्या खोलीचं एक सांगायचं राहिलं. एरवी घरात एकच शब्द कानावर अनेकदा येतो. तोंडातून सरळ येतो, मग भिंतीवरून, छतावरून, फरशीवरून फिरून येतो. धडधाकट कान त्यातला नेमका उचलतो. थकलेल्या कानाला सगळा गोंधळच ऐकू येतो. आमच्या खोलीतल्या भिंती आवाज परत देत नाहीत, बाहेरच्या गाडीघोड्यांचा आवाज आत येत नाही. शब्द एकदाच येतो, सरळ.

मी तुमच्या मागे होते. सवयीने पुटपुटले, "नाना, जाळीवर जपून." आणि तुम्ही वळलात. "जपूनच चाललोय की," म्हणालात.

मागून हाक मारल्यावर तुम्ही शेवटचे कधी वळलात, हे मला आठवेना. घरी मी तुमच्याशी बोलायला नेहमी समोर येते, खांद्याला हात लावते. ती मला आपली रीत वाटायची. ओट्यावर बसलात तरी तुम्ही बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघता. मागाच्या खटखटाटात तुम्ही सगळे विणकर एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचात, हे आई किती वेळा सांगायची. माग सुटला, पण तुमचं ओठ बघणं सुटलं नाही. कान कधीच गेलेत आणि तुम्ही कुणाला पत्ता लागू दिला नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पोरगी पुतळ्याचे कान तपासत बसली आणि बापाच्या कानांकडे बघायचं राहून गेलं.

मग माझ्या मनात आलं, फोनला तर ओठ नसतात.

दसरा झाल्यावर मी फोन केला होता. केवढा तरी वेळ एकटीच बोलत होते. म्हणाले, "नाना, मला मनोजशी लग्न करायचंय. माझ्याच प्रयोगशाळेत आहे. आपल्या साळ्यांतला नाही, पेठ तालुक्यातला आहे, कोकणा आदिवासी आहे. पण नाना, मी इतकी सुखात आहे! तुम्ही हो म्हणालात तरच." तुम्ही म्हणालात, "हो हो, चालेल की. चालेल. जेवली का?"

फोन ठेवून मी रडले. मला वाटलं, माझ्या बापासारखा बाप कुणाला नाही. मनोजने द्वारका चौकातून पेढे आणून सगळ्या प्रयोगशाळेत वाटले. त्याच्या आईने पेठमध्ये पाहुण्यारावळ्यांना सांगितलं. तुमच्याकडे बोलणी करायला कधी यायचं, तेवढंच ठरायचं होतं. म्हणूनच तुम्हाला इथे बोलावलं.

आणि त्या खोलीत तुम्ही मला हळूच विचारलंत, "हा मनोज चांगला पोरगा हाय. लय हसरा. लगीन झालंय का त्याचं?"

आयुष्यात पहिल्यांदा अशा जागी आपण दोघं उभे होतो, जिथे तुम्हाला माझा शब्द न् शब्द ऐकू आला असता. आणि मी म्हणाले, "चहा घ्यायचा ना?"

पुतळ्याच्या कानांतले माइक चालू होते. बाहेर मनोज हेडफोन लावून बसला होता. त्याने सगळं ऐकलं. तरी चहा आणला, तुम्हाला बसपर्यंत सोडलं, खिडकीची जागा धरून दिली. संध्याकाळी मात्र मला म्हणाला, "नानांना माहीतच नाही, तर मी त्यांच्या पाया पडलो ते कोण म्हणून?"

मी म्हटलं, "राहू दे ना. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते हो म्हणालेत ना एकदा?"

"असा होकार मला नको, तेजू," म्हणाला. त्याने गावी कळवलंय, थांबा म्हणून. त्याच्या आईला काय वाटलं असेल, ते मी विचारलेलं नाही.

खरं सांगू? मला ती मूठ झाकूनच ठेवायची होती. तुम्ही 'नाही' म्हणाल याची मला फार भीती वाटते. मनोजशिवाय दुसऱ्या कुणाशी मला लग्न करायचं नाही आणि तुमच्याशिवाय मांडवात उभं राहायचं नाही. या दोन्हींची सांगड मला घालता येत नाही. म्हणून तुमच्यापुढे ठेवते.

तुम्ही पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचता, तेव्हा माझं अक्षर लागलं नाही ही सबब चालायची नाही. मान हलवू नका. 'चालेल' म्हणू नका. रागावलात तर रागावून लिहा. 'नाही' असेल तर 'नाही' लिहा. पण या वेळी माझं म्हणणं समजून मग काय ते बोला.

आणि हे सगळं माझ्यापासून का लपवलंत, यावर मी भेटल्यावर भांडणार आहे.

तुमच्या खऱ्या उत्तराची वाट बघणारी,
तेजस्विनी


येवला,
२१ डिसेंबर

चि. तेजूस,

आशीर्वाद. पत्र पोचलं. चिवडा सगुणाला दिला. एक पुडा बसमध्ये फुटला.

पत्र वाचलं अन् कपाटावर ठेवून दिलं. राग आला. आधी माझा आला, मग तुझाबी आला. दोन दिस कुणाशी बोललो नाय. सगुणा म्हणली, दाढ दुखती का भाऊ?

कान गेलेत हे खरं हाय. तुझी आई होती तवर ती समोर उभी राहून बोलायची, सगळं भागत होतं. ती गेल्यावर तुला सांगितलं असतं तर तू शिक्षण सोडून येवल्यात येऊन बसली असती. तुला मी चांगला ओळखतो. म्हणून मान हलवत राहिलो. भांडायचं तर भांड.

फोनवर मला शब्द कळत नाय, पण तुझा आवाज कळतो. दमली असली का निराळा येतो. रडून बोलत असली का निराळा. त्या दिवशी तू लय खुशीत होती. तुझी आई गेल्यापासून तसा आवाज ऐकला नव्हता. म्हटलं, पोरगी येवढी आनंदानं काय तरी सांगती, मग आपलं काय जातं, चालेल. तो होकार अगदीच खोटा नव्हता, तेजू.

आता खरं लिहितो. नीट ऐकू आलं असतं तर मी नाय म्हणलो असतो. जात आडवी आली असती. अन् एकदा तोंडातून शब्द गेला का मला मागं घेता येत नाय. तूबी माझ्याच वळणाची. तुझं माझं बोलणं तुटलं असतं. बरं झालं ऐकू आलं नाय. कागदावर आलं म्हणून राग यायला अन् जायला वेळ मिळाला.

पोराचं एक मनात राहिलं. माझ्याशी बोलायचं म्हटलं का तो दर वेळी फिरून समोर यायचा, हळू बोलायचा. माझं गुपित त्यानं वळखलं होतं. कानाच्या डॉक्टरणीला नाय कळलं.

भाऊबंद बोलतील. बोलू दे, मला कुठं ऐकू येतंय.

त्याच्या आईबापाला घेऊन या. त्यांना किती दिस थांबवून ठेवायचं? पण त्याआधी मला ते मशीन बसव. माझ्या दारात पाहुणे येतील तवा मी नुसता मान हलवत बसणार नाय. ते मागणी घालतील, मी कानानं ऐकीन अन् मग बोलीन.

तुला मात्र आजच लिहून देतो. सगळं वाचून, समजून, हो.

तुझा,
नाना