बंदुकीवरची दुर्बीण

मोर्शी, श्रावण शुद्ध दशमी, शके १७८६

चि. देवीदास यास खुशालरावांचे आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व क्षेम. कापसाला यंदा असा भाव आहे, की लोक बैलांच्या शिंगांना चांदी मढवू लागले. मी विलायती बंदूक घेतली, तिचा शौक अजून फिटला नाही. अकोल्याच्या एका सौदागराकडे नळीवर बसवायची पितळी दुर्बीण आल्याचं ऐकतो. ती पारखून घे. सोबत बंदुकीच्या दारूची कुपी आणि बार उडवायच्या टोप्यांचा डबाही पाठव.

दसऱ्याला वेशीबाहेर साठ पावलांवर नारळ टांगतात. तो आमच्या घरच्या माणसानं फोडल्यावरच गाव सोनं लुटतो, हे तुला ठाऊक आहे. तीन गोळ्या चुकल्या, की मान महादेवरावांच्या घरी जातो. बारा वर्षं मी पहिल्याच गोळीत फोडला, यंदाही फोडीन. तुझी ताई कौशल्या विचारते, की बंदुकीले दिसत नाही काय, तिले दुर्बीण काहून? तिला कोण समजावणार!

लोभ आहे तो कापसासारखा चढता ठेव.

खुशालराव

अकोला, श्रावण वद्य तृतीया

ती. स्व. भाऊजींचे सेवेशी, देवीदासचा रामराम, वि. वि.

सौदागराकडे अर्धा दिवस बसलो. कुपी पितळेची घेतली, एका दाबात नेमकी एका गोळीची दारू पडते. डबाही घट्ट झाकणाचा आहे. पण दुर्बीण हातभर लांब. डोळा लावला तर कुणाच्या तरी घराचं एक कौल तेवढं दिसलं. डोळा अगदी जवळ न्यावा लागतो आणि बंदूक मागे दणका देते. सौदागराच्याच भुवईवर पट्टी होती, घोड्यावरून पडलो म्हणाला! ही वस्तू पाचशे पावलांच्या निशाण्याची. साठ पावलांवरच्या नारळाला ती कशाला?

रागावू नका. तुमचं अक्षर ज्वारीच्या दाण्याएवढं असे. या पत्रात ते बोराएवढं झालंय आणि ओळी खाली उतरत गेल्यात. कोणता डोळा, भाऊजी?

रागावलात तरी लोभात कसर नसावी.

देवीदास

मोर्शी, श्रावण वद्य दशमी

चि. देवीदास यास आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्यावर संतापलो होतो. उजवा. होळीपासून धुकं आहे. अमरावतीचा हकीम मोतीबिंदू म्हणतो. नारळ मला दिसणारच नाही. गावासमोर तीन गोळ्या वाया गेल्या, तर कोणत्या तोंडानं वेशीतून परत येऊ? मला भीती वाटते, देवीदास. तुझ्या ताईला कळू देऊ नकोस. दुर्बीण पाठव.

खुशालराव

अकोला, भाद्रपद शुद्ध तृतीया

ती. स्व. भाऊजींस रामराम, वि. वि.

दुर्बीण पाठवत नाही. ती धुकंच मोठं करून दाखवील. डावा डोळा शाबूत आहे ना? मग बंदुकीचा दस्ता डाव्या खांद्याला लावा. नळीच्या टोकावरची, नेम धरायची बारीक माशी नत्थुजी लोहाराकडून काढवा आणि सोबतची हस्तिदंती बसवा. पांढरी असल्यानं नजरेत भरते. टोपी नळीच्या उजव्या अंगाला असते, तिची ठिणगी आता तोंडावर येईल, तेव्हा फेटा गालापर्यंत ओढा. दूरच्या वावरात रोज दहा गोळ्या मारा. आणि ताईला सांगा.

दुर्बिणीवाचूनही लोभ राहावा.

देवीदास

मोर्शी, आश्विन शुद्ध एकादशी

चि. देवीदास यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

महिनाभर डाव्या खांद्यानं मडकी फोडली, दहात आठ. पण काल वेशीवर अख्खं गाव बघत होतं. डावखुरेपणाची लाज वाटली आणि मूर्खासारखी बंदूक उजव्याच खांद्याला लावली. पहिली गोळी गेली. दुसरीही गेली. महादेवराव पागोटं नीट करू लागले. तेव्हा मी बंदूक खाली घेतली आणि मोठ्यानं सांगितलं, की माहा उजवा डोळा गेला, आता डाव्यानं मारतो. कुणी हसलं नाही. नारळ असा फुटला, की दोरीला नुसती शेंडी उरली.

घरी तुझ्या ताईनं ओवाळलं, तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मले होळीपासूनच माहीत आहे. मग माझ्या ध्यानात आलं. तेव्हापासून पाण्याचा तांब्या माझ्या डाव्या हाताशी असतो, आणि वावरात जाताना ती माझ्या उजव्या अंगानं चालते. सात महिने चालली, एक शब्द बोलली नाही.

तुझा लोभ असावाच. तिचा किती आहे, ते मला काल कळलं.

खुशालराव