धर्मशाळेच्या दगडांवरचा गेरू

आत्याबाई, तुमच्या धर्मशाळेचं आज लोक कौतुक करत होते, आणि मी तुमच्यासारखीच डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत होते. तालुक्याहून एक साहेब आले होते, सोबत दोन शिकलेल्या पोरी. कमानीखाली उभं राहून साहेब म्हणाले, "आजी, जुनी वास्तू जपली की गावाला काम मिळतं, माणसं जोडली जातात." मी म्हटलं, "ते ठावं हाय वो. तुमी काय न्यायला आलाय ते सांगा." पोरी खळखळून हसल्या, साहेब जरा चपापले. काही न्यायला आले नव्हते म्हणे, फोटो तेवढे नेले. एकीनं आपण विणलेलं एक घोंगडं मात्र विकत घेतलं. गुडघे दुखत असूनही मी घरी कशी उड्या मारत आले ते तुम्ही बघायला हवं होतंत. सून म्हणाली, पडाल. मी म्हटलं, पडू दे की!

नवी नवरी म्हणून आले तेव्हा तुम्ही मला देवाच्या आधी धर्मशाळेत नेलं होतंत. म्हसवडच्या वाटेवर, गावाबाहेर, काळ्या दगडाच्या सात कमानी. मला वाटलं, सासू मला इथंच सोडून जाते की काय. पण आपण घोंगड्या विणणारे, आणि त्या लांब ओवरीत आपला ताणा, घोंगडीचे उभे दोरे, पसरायचा. चिंचोक्याची खळ कुंच्यानं सुतावर ओढायची. उघड्यावर हे काम केलं की माळाचं वारं घुसतं, दोऱ्याला दोरा चिकटतो आणि दिवस वाया जातो. आणि बाजाराच्या आदल्या सांजेला धनगर मेंढरं घेऊन तिथंच मुक्कामाला. तिथंच मेंढरांची कातरणी, तिथंच लोकर आपल्या पदरात, तिथंच सोयरिकी जुळायच्या आणि भांडणंही मिटायची. तुम्ही म्हणालात, "ही दगडं आपलं शेत हाय बग. पेरावं लागत न्हाई, पन राखावं लागतं."

मग तो दिवस. ती मोठी जर्मनची लढाई संपून वर्ष झालं असेल. तुम्ही चुलीपाशी चिंचोके भाजताय, मी जात्यावर. पाटील उंबऱ्यात येऊन उभे राहतात. "म्हातारे, मधली कमान वाकलीया. कुनाच्या डोस्क्यात पडली म्हंजी? सांगलीचा एक ठेकेदार बाजाराला पत्र्याचं छप्पर फुकट घालून देतोय. जुनी दगडं तेवढी नेनार." लढाईपायी साऱ्या मुलखात तेव्हा पत्रा बघायला मिळत नव्हता. तुम्ही उलथणं खाली ठेवलंत. "फुकट मेंढी देनारा आदी तिची लोकर कातरून घेतो, पाटील." पाटील हसले आणि गेले. तुम्ही हसला नाहीत. त्या दिवसापासून तुम्हाला सगळ्यांचा संशय यायला लागला. पाटलांच्या गड्यानं रामराम घातला तरी तुम्ही म्हणायचात, आज का घातला?

आठ दिवसांनी एक गवंडी आला. कोणाशी बोलेना. कमानीला खालून लाकडाचे टेकू दिले आणि एकेक दगड उतरवून गवतावर मांडला. "कुनी धाडलं रं तुला?" तुम्ही विचारलंत. "काम हाय," एवढंच बोलला. सांजेला तो गेल्यावर तुम्ही मला घेऊन तिथं गेलात. प्रत्येक दगडावर गेरूनं खूण केलेली. तुम्ही खाली बसून एका खुणेवरून बोट फिरवलंत. आपल्याकडं मेंढरू विकलं गेलं की घेणारा त्याच्या पाठीवर गेरू ओढतो. गेरू लागला की मेंढरू आपलं नाही. "इकली," तुम्ही म्हणालात. "पाटलानं इकली गं पोरी." मग पदर खोचून उठलात. "खूण न्हाई तर सौदा न्हाई." तांबडं फुटायच्या आत गल्लीतल्या सगळ्या बायका घागरी घेऊन हजर. जुन्या घोंगड्यांच्या चिंध्या भिजवून आम्ही ते दगड असे घासले की ते काळे कुळकुळीत झाले. तुम्ही प्रत्येक दगडावरून हात फिरवून बघत होतात. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर म्हणालात, "घास आदी."

उन्हं वर आली तसा गवंडी आला. दगड बघितले आणि डोकं धरून खाली बसला. मागून एक म्हातारा धनगर काठी टेकत आला. "आवं आक्का, काय केलंसा ह्ये?" त्यानंच गवंडी आणला होता! धनगरांनी आपापसात ठरवून, वाकलेली कमान उतरवून पुन्हा नीट बसवायला. कुठला दगड कुठं, त्याच्याच त्या खुणा. तुम्ही उसळलात, "मग आमाला सांगायचं न्हाईस व्हय रं?" तो म्हणाला, "आमाला वाटलं, सारं गाव पाटलाच्या बाजूला हाय. तुमी तरी कवा इचारलंसा?" "मी इचारलं की ह्या गवंड्याला!" "त्याला आमीच सांगितलंवतं, तोंड उगडू नगंस." तुम्ही चिंधी टाकलीत आणि घागर उचलून गवंड्यापुढं ठेवलीत. 

चार दिवस लागले. गवंडी दगड लावून बघायचा, नाही म्हणायचा, पुन्हा उतरवायचा. बायकांनी चुना कालवला, धनगरांनी दगड उचलले. दोन दगडांची जागा शेवटपर्यंत जुळली नाही, तिथं अंगठाभर फट राहिली, त्यात गवंड्यानं दगडाच्या चिपा ठोकल्या. चौथ्या दिवशी दगड न्यायला सांगलीच्या त्या ठेकेदाराच्या गाड्या आल्या. बघतात तर मधली सोडून सहाही कमानींत मेंढरं आणि ओवरीभर आपला ताणा. "ह्ये हटवा," तो म्हणाला. तुम्ही कुंचा चालवत राहिलात. "खळ वाळू द्या की. वला ताना उचलत न्हाईत." बिचारा दुपारपर्यंत वाळायची वाट बघत बसला! तुम्ही मधूनमधून नवी खळ लावत होतात. बैल कंटाळले, मग तोही कंटाळून रिकाम्या गाड्या घेऊन गेला. पाटील त्यानंतर महिनाभर आपल्या गल्लीतून गेले नाहीत. कमान अजून उभी आहे, खाली बाजार भरतो, आपली नातसून तिथंच घोंगडी विकते.

साहेबांना हे सगळं मी रंगवून सांगितलं, पण एक सांगितलं नाही. तुम्हालाही कधी सांगितलं नाही. मी माहेरी दुसरीपर्यंत शाळेत गेले होते. त्या दगडांवर नुसत्या रेघा नव्हत्या, अक्षरं होती. डावा एक, डावा दोन, उजवा एक, उजवा दोन. मला वाचता आलं होतं. विकायचे दगड कोण असे डावे-उजवे लिहून ठेवील? घासता घासताच मला कळलं होतं की ही कमान परत उभी करायची आहे. पण तुम्ही "घास आदी" म्हणालात, आणि चारचौघींत सासूला चूक ठरवायची मला भीती वाटली. म्हणून सगळं कळत असूनही घासत राहिले. ती अंगठाभर फट माझी आहे, आत्याबाई. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, आणि खरं सांगू, ठाऊक असतं तरी टाकलं नसतं. तुमची अजून भीती वाटते.