पाद्र्याच्या कुरणातला ओक

प्रिय यिस्के,

परवा तुझ्या कला अकादमीचं पत्र आलं. त्यांच्याकडे तुझा पत्ता अजून माझ्याच घरचा आहे. मी ते फोडलं, रागावू नकोस. वर्षभर तुझी जागा राखून ठेवली होती म्हणतात. परत यायचं असेल तर एकतीस मेच्या आत कळवा, नाहीतर नाव कमी करू, असं त्यात लिहिलंय. आज अठरा तारीख. फोन करावा असं मनात आलं होतं, पण तू या आजोबाला आपली "हो ओपा, नाही ओपा, गुडघा कसा आहे ओपा" करून तीन मिनिटांत उरकशील आणि मला जे बोलायचंय ते माझ्या घशातच राहील. गेलं वर्षभर ते तिथंच अडकलंय. म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुला माहीत आहे. चौदाव्या वर्षी शाळा सोडून हातात फावडं घेतलेल्या माणसाचं अक्षर आणखी कसं असणार? जरा सांभाळून वाच.

इकडे सगळं आहे तसंच आहे. शेजारचा बर्टुस रोज सकाळी कॉफीला येतो आणि सरकारला शिव्या देऊन जातो. त्याच्या बायकोच्या मानेवर यंदाही पुरळ उठलंय. आपल्या गल्लीतल्या ओकांना पालवी फुटली. तुझी मागची खोली मी रोज उघडतो आणि थोडा वेळ उभा राहून बंद करतो. खिडकीपाशी तो जाळीचा पिंजरा अजून आहे. आत वाळलेली एक फांदी आहे, ती मी काढली नाही. का ते विचारू नकोस, मलाच सांगता येणार नाही.

गेल्या वर्षीचा एप्रिल आठवतो का गं? आगपेटीत घालून तू ती अंडी आणलीस, मसुरीच्या डाळीएवढी. म्हणालीस, "ओपा, हे मोठे रेशीमपतंग आहेत, ओकच्या पानांवर वाढतात." मी म्हटलं, "बाई गं, आमची सगळी हयात झाडांवरच्या अळ्या मारण्यात गेली आणि आता घरात पाळायच्या?" तू हसलीस. पण पिल्लं बाहेर पडायची वेळ आली तरी ओकला पानाचा पत्ता नव्हता. तुझा चेहरा एवढासा झाला. तेव्हा ओकच्या फांद्या कापून ओमाच्या सूपच्या पातेल्यात उभ्या करायच्या आणि पातेलं बॉयलरशेजारी उबेला ठेवायचं, ही माझी युक्ती. आठ दिवसांत कोवळी पानं फुटली. तू माझ्या टकलाचा मुका घेतलास. "ओपा, तू खरा कलावंत आहेस," म्हणालीस. मी बर्टुसला आठ दिवस सांगत फिरत होतो.

त्रेचाळीस होत्या. बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार, अंगावर जणू सोनेरी टाके. खायला लागल्या की कुणी शेजारच्या खोलीत हळूहळू वर्तमानपत्र फाडतंय असं वाटायचं. मी खुर्ची ओढून ऐकत बसायचो. तुझी ओमा दीना गेल्यापासून या घरात दुपारी माझ्याखेरीज जेवणारं कुणी नसायचं, म्हणून असेल. तू सांगितलंस की पतंग बाहेर आला की त्याला खाता येत नाही, तोंडच नसतं, अळी असताना जे खाल्लं त्याच्यावर आठवडाभर जगायचं आणि मरायचं. त्या दिवशी मला नीट जेवण गेलं नाही.

आणि मग तू ओमाचा एप्रन मागितलास. तो निळ्या रेघांचा, तीन खिशांचा, ज्याच्यात ती चिमटे, सुतळी आणि माझ्यापासून लपवलेल्या गोळ्या ठेवायची. दोन वर्षं तो दाराच्या मागे खिळ्यावर तसाच होता. तू म्हणालीस की अळ्या पूर्ण वाढल्या की खिशांत ओकच्या डहाळ्या भरायच्या, मग त्या तिथंच कोश विणतील. ओमा जिथं हात घालायची तिथं रेशीम भरेल. प्रदर्शनात तो नुसता एका खिळ्यावर टांगायचा, आणि लोकांच्या समोर एकेक पतंग बाहेर येईल. मी उठलो. अंगणात गेलो आणि उगाच कुंपण कापत राहिलो. कापायला काही नव्हतंच.

तुला वाटायचं ओपाला तुमची आजकालची कला कळत नाही. मीच तसं बोलायचो म्हणा. "तीस वर्षं मी नगरपालिकेच्या बागखात्यात होतो, साहेबाला जर म्हटलं असतं की कुंपण लावलं नाही, कुंपणाची कल्पना लावलीय, तर त्यानं मला घरी बसवलं असतं," हा माझा विनोद तू पन्नास वेळा ऐकलास. पण तुला एक कधी सांगितलं नाही. तुझ्या पहिल्या वर्षीच्या प्रदर्शनात एका मुलीनं आपल्या पाडलेल्या घरातल्या स्वयंपाकघराच्या फरशीवरचं लिनोलियम उचलून आणून जमिनीवर अंथरलं होतं. दुसरं काहीच नाही. लोक वाइनचे पेले घेऊन त्याच्या कडेनं फिरत होते. त्यात एक जागा झिजून पांढरी पडली होती, जिथं चूल असणार तिथं. मी तिथं किती वेळ उभा होतो कोण जाणे. घरी आल्यावर बूट न काढता सरळ स्वयंपाकघरात गेलो. आपल्याकडेही तशीच जागा आहे. चाळीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी पाहिली नव्हती. मग मी वाचनालयातून तुमच्या कलेची पुस्तकं आणायला लागलो. निम्मी डोक्यावरून गेली. पण एवढं कळलं की कुणीतरी आपली मान धरून एखाद्या जागेकडे वळवतो आणि म्हणतो, बघ. एवढंच काम. पण बघायला लावणाऱ्यानं आधी स्वतः बघितलेलं असलं पाहिजे. तू बघितलं होतंस.

मेमध्ये तू वर्गाबरोबर तीन दिवसांसाठी बर्लिनला गेलीस. जाताना फ्रिजवर कागद चिकटवलास. पानं सकाळ-संध्याकाळ ताजी. पाण्याच्या बाटलीचं तोंड बोळ्यानं बंद, नाहीतर पिल्लं बुडतात. आणि तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा: पानं फक्त पाद्र्याच्या कुरणातल्या ओकची. मी म्हटलं, "कळलं, मी काय बाळ आहे?" तू म्हणालीस, "ओपा, तुझ्यावर आहेत त्या आता." सायकलवर मागे वळून हात केलास.

गुरुवारी तू परत आलीस तेव्हा त्या खायच्या थांबल्या होत्या. शुक्रवारी मऊ पडून डोकं खाली करून लोंबायला लागल्या, काळ्या पडत गेल्या. शनिवारी संध्याकाळी त्रेचाळीसपैकी एकच उरली होती. ती सगळ्यांत मोठी, जिनं तू नसताना घाईघाईनं अर्धामुर्धा कोश विणला होता. तू जमिनीवर बसली होतीस. मला विचारलंस, "ओपा, पानं कुठली होती?" मी म्हटलं, "कुरणातली." तू मान हलवलीस आणि मग शेजारच्या टेबलाकडे बघितलंस, जिथं तू सुतं रंगवत होतीस, तुझ्या गंजाच्या पाण्याच्या बरण्या आणि टर्पेंटाइन होतं. म्हणालीस, "म्हणजे मीच." मी तुला कॉफी करून दिली. कॉफी, यिस्के. दुसरं काही नाही.

मग तो प्रदर्शनाचा दिवस. मी रविवारचा कोट घातला होता, ओमाच्या पद्धतीनं सॉसेजचे पाव भाजून डबा भरून आणला होता. तू एप्रन टांगला, खिशांत त्या मेलेल्या अळ्या तशाच डहाळ्यांवर होत्या, आणि तू अकरा जणांसमोर म्हणालीस, "मी निष्काळजीपणा केला. ज्या खोलीत वाढवायच्या तिथंच विष उघडं ठेवलं. यात पाहण्यासारखं काही नाही, मला फक्त सांगायचं होतं." मग तुला शिकवणाऱ्या त्या रोमेइन बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "यिस्के, पहिली कल्पना गोड होती. आता यात धार आलीय. हे असंच ठेव. हा तुझा अपराधच खरी कलाकृती आहे." त्या वाईट नाहीत गं, डोळे ओले होते त्यांचे. त्यांना खरंच तसं वाटत होतं. एका पोरानं तर टाळी वाजवली. तू माझ्याकडे बघितलंस. भिंतीशी मी डबा घेऊन उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी डब्याचं झाकण दाबत राहिलो. तू एप्रन खिळ्यावरून काढलास, घडी घातलीस, आणि परत त्या इमारतीत पाऊल टाकलं नाहीस. येताना बसमध्ये म्हणालीस, "माझ्या हाताला जिवंत काही लागू नये." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

डिसेंबरात तुझं कार्ड आलं, टोमॅटोच्या काचघरातून. "इथं पानामागे अळी दिसली की चिमटीत चिरडायची, त्याचाच पगार मिळतो. मला ते चांगलं जमतं ओपा." ते कार्ड मी तुझ्या त्या कागदाशेजारी फ्रिजवर लावलं नाही. ड्रॉवरमध्ये उलटं ठेवलंय. रोज ड्रॉवर उघडतो.

तो एक कोश मी टाकला नव्हता. तू एकदा म्हणाली होतीस की काही काही हिवाळाभर थांबतात आणि पुढच्या वसंतात निघतात. मी तो अंगणातल्या शेडमध्ये ठेवला, थंडी लागेल पण उंदीर लागणार नाही असा. आणि मनाशी एक नीच सौदा केला. यातून पतंग निघाला तर तो पेटीत घालून तुझ्याकडे घेऊन यायचं, तू त्याच्याकडे बघून रडशील, हसशील, आणि मग मला काही सांगावं लागणार नाही. मार्चपासून रोज सकाळी बघत होतो. कानाला लावून हलवायचो. मागच्या रविवारी ओमाच्या शिवणाच्या कात्रीनं तो कापला. आत तपकिरी भुगा होता. तेवढाच.

तर आता लिहितो. तू गेलीस त्या मंगळवारी पाऊस लागला होता आणि माझा गुडघा ठणकत होता. पाद्र्याचं कुरण दोन किलोमीटर. आणि दारात आपल्या गल्लीचे ओक, जे मी माझ्या हातांनी लावले, त्यांच्यात मला कुठलं भय दिसणार? वाटलं, पान ते पान. दोन्ही वेळची पानं तीन दिवस तिथूनच तोडली. आदल्या दिवशी सकाळी नगरपालिकेची गाडी येऊन ते ओक फवारून गेली होती, ज्यांच्या खाजऱ्या केसांनी पुरळ उठतं त्या अळ्यांसाठी. गाडी मी खिडकीतून पाहिली होती. खरं तर बर्टुसच्या बायकोच्या पुरळामुळे फोन करून ती मीच बोलावली होती. त्यांचं पत्रक घरात पडलं होतं. माणसांना, कुत्र्यांना, पक्ष्यांना अपाय नाही, असं त्यात होतं, आणि तीस वर्षं हेच काम केलेल्या मला अळी ही अळीच असते एवढं सुचलं नाही. किंवा सुचलं आणि गुडघा जास्त दुखला. मला आता आठवत नाही आणि त्याचीच मला सगळ्यांत भीती वाटते. कुरणात फवारणी होत नाही म्हणूनच तू त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्यास, मी वाचल्या होत्या. शनिवारी तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो, आणि त्या खोलीत अकरा माणसांसमोर तू माझा अपराध स्वतःचा म्हणून सांगितलास तेव्हा मी पाव घेऊन उभा राहिलो. तुझ्या बरण्यांनी काही केलं नाही. तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणशील ओपा माझी समजूत काढतोय, म्हणून ते पत्रक सोबत ठेवलंय. तारीख बघ, एकोणीस मे, गल्लीचं नाव बघ. अकादमीचा कागदही आहे. मला क्षमा कर असं मी म्हणत नाही, ते मागायचं तोंड मला नाही. मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल, कधीच नाही लिहिलंस तरी. त्यांना लिही. एकतीसच्या आत.

तुझाच,
ओपा हारी