माझ्या घोरण्यातला यति

मुलुंड (पूर्व)
मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर

चिरंजीव नंदूस,

(सदुसष्ट वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहिताना हात जरा अडखळतो, पण बायकोच्या धाकट्या भावाला दुसरं काय म्हणावं?) तुला आणि रेवतीला आशीर्वाद. तुझी शुगर, तिचा गुडघा आणि तुमच्या बोरिवलीच्या गॅलरीतली तुळस या तिघांची प्रकृती बरी असेल असं धरून चालतो. फोन करत नाही, कारण तुमच्याकडे फोन हल्ली जानकीच उचलते, आणि विषय जानकीचाच आहे. चार दिवस माहेरी विसावते म्हणून निघालेली तुझी बहीण आज अकरावा दिवस झाला तरी परतलेली नाही. ती परत यावी, एवढंच माझं मागणं. पण गुरुजींनी लहानपणी संदर्भासह स्पष्टीकरण लिहायची सवय लावली, ती सुटत नाही. तेव्हा आधी संदर्भ.

मी घोरतो हे तुला ठाऊक आहेच. घोरणं म्हणजे निर्मळ मनाची खूण, असं मी इतकी वर्षं मानत आलो. जानकी म्हणायची, मध्येच तुमचा आवाज तुटतो, श्वासच बंद पडतो, आणि मग बुडणारा माणूस वर यावा तसे तुम्ही धापा टाकत वर येता. मी तिला समजावलं की तो यति आहे. (शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावर दम घ्यायला थांबतात ना, ते. आपल्याला ते छडीच्या तालावर शिकवलं होतं. आता ना छडी राहिली ना ताल.) झोपेतही ज्याचं वृत्त चुकत नाही असा नवरा मिळाला, म्हणून तिने देवापुढे साखर ठेवावी, असंही वर सुनावलं. ती बिचारी प्रत्येक यतिला कोपराने ढोसायची आणि तुमच्या मालवणीत विचारायची, "जित्ते आसास मां?" मी कूस बदलायचो आणि सकाळी तिला रसभंगाबद्दल बोल लावायचो. मी उताणा झोपू नये म्हणून तिने माझ्या बनियनला पाठीमागे रबरी चेंडूही शिवला. तो बनियन घालून मी चुकून ग्रंथालयात गेलो, तेव्हा दोघांनी मला मणक्याच्या डॉक्टरचा पत्ता दिला.

दिवसा मात्र मी पेंगत असे. पेपर वाचता वाचता, दाढी करता करता, एकदा तर बँकेत सही करता करता; आडनावाची शेपटी कागदाखालच्या टेबलावर गेली. मी म्हणायचो, वय झालं.

मग आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरचे हर्षदभाई गेले. (भला माणूस. माझं पाठांतर शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकटाच.) शोकसभा झाली. आमच्याकडे मौन बसून पाळतात. दोन मिनिटं उभं राहायचं तर दोघातिघांसाठी आणखी सभा घ्याव्या लागतील. मौनाची वेळ मोजायला हर्षदभाईंची मुलगी रुचिरा मोबाइलवर घड्याळ लावून बसली होती, कारण आमचे अध्यक्ष एकतर वीस सेकंदांत आटोपतात, नाहीतर मौन सुरू आहे हेच विसरतात. सगळीकडे शांतता. मी डोळे मिटले, आणि नंदू, मी घोरू लागलो. आणि मग थांबलो. जानकीने कोपर मारल्यावर मी दचकून जागा झालो, आणि कुणाची तरी कविता संपली अशा समजुतीने जोरात टाळ्या वाजवल्या. कमी ऐकू येणाऱ्या तिघांनीही वाजवल्या.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. रुचिरा उठून सरळ माझ्याकडे आली. वाटलं, आता ही पोर चार शब्द सुनावणार, आणि तिचा अधिकारच होता. पण ती म्हणाली, "काका, तुमचा श्वास चोवीस सेकंद थांबला होता. घड्याळ माझ्या हातातच होतं." ती कान-नाक-घशाची डॉक्टर आहे हे मला तेव्हा कळलं. मग ती जानकीकडे वळून हळूच बोलली, "बाबा झोपेतच गेले. तेही असेच घोरायचे. मी पुण्याला, आई आधीच गेलेली. ऐकायला घरात कुणी नव्हतं."

पुढे तपासणी झाली. छातीला पट्टा, नाकात नळी, बोटाला चिमटा, अशा थाटात एक रात्र घरीच झोपलो. निकाल आला : तासाला अडतीस वेळा श्वास अडतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बुजते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मग मेंदू घाबरून माणसाला उठवतो, आणि सकाळी त्या माणसाला काही आठवत नाही. वाढलेलं ब्लडप्रेशर, सकाळची डोकेदुखी, दिवसाचं पेंगणं, सगळं त्याच खात्यातलं. आता मी नाकावर मुखवटा चढवून झोपतो. उशाशी एक यंत्र हलकेच हवा ढकलत राहतं आणि घसा उघडा ठेवतं. आरशात मी गणपतीच्या मिरवणुकीतून चुकलेला वाटतो. पण पहिल्याच सकाळी अशी जाग आली, जशी चौथीत असताना सुट्टीच्या दिवशी यायची. खिडकीतला डोंगर मला पुन्हा हिरवा दिसला रे.

झोप उडाली ती जानकीची. घरात आवाजच नाही! दर थोड्या वेळाने ती उठून माझ्या पोटावर हात ठेवून बघायची. आठ रात्री तिने अशा काढल्या आणि मग बॅग भरली. जिला मी रसभंग करणारी म्हणालो, ती इतकी वर्षं माझ्या श्वासांवर पहारा देत होती. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं नाही. सांगायचं आहे. म्हणून तिला पाठव.

तुझा भाऊजी,
धोंडिराम

ता. क. : पत्र बंद करणार तोच तुझ्या सुनेचा, अक्षताचा फोन आला. म्हणते, आत्या इथे मस्त झोपतात, फक्त रात्रीतून चारपाच वेळा बाबांच्या खोलीच्या भिंतीवर दणका मारतात. बाबा मात्र शेजाऱ्यांनी ड्रिल चालवलं म्हणून सोसायटीत तक्रार देऊन आलेत. रेवती कधीपासून नातीच्या खोलीत झोपते, तेही कळलं. नंदू, तो दणका कशाचा, हे मला तुला सांगायला नको.

ता. क. दुसरा : रुचिरा शनिवारी पुण्याहून इथे मुलुंडला येते; अकरा वाजता तिच्याकडे तुझं नाव लावलंय. ये. यति वगैरे मला सांगू नकोस.

ता. क. तिसरा : वर जानकीला पाठव असं दोन ठिकाणी लिहिलंय, ते खोड. तुझं यंत्र येईपर्यंत तिला तिथेच राहू दे. माझं चाललंय.