शनिवारनंतर स्वस्त

एबोदादा,

मी घरी, अक्राला निघाले. तिकीट काल काढलं, होतं त्या भावात. तुझं काढलं नाही. तू मंगळवारची वाट बघतोयस ना, मंगळवारी भाव उतरतो म्हणून.

पापा अंथरुणावरून तुझं नाव घेत होते, तेव्हाही तू मंगळवारचीच वाट बघत होतास. ते गेल्यावर म्हणालास, "आपल्या घानात सगळी मुलं पोचल्याशिवाय बापाला पुरतात का कधी? शवागारात आहेत, जातायत कुठे?" आणि पुन्हा लॅपटॉप उघडून बसलास.

म्हणून मीच काकांना फोन केला. सांगितलं, एबोला यायचं नाहीये, त्याच्यासाठी थांबू नका. काका रडले, पण ऐकलं. येत्या शनिवारी पुरतायत. पेटीच्या पुढे थोरल्याने चालायचं असतं, तिथे मी चालेन.

तुझं सुतकाचं तांबडं-काळं कापड इस्त्री करून कपाटात ठेवलंय. आता लागणार नाही. फ्रिजमध्ये मासे आहेत, गरम करून खा.

सकाळी तुझा फोन वाजला म्हणून बघितला. भाव उतरलाय. रविवारपासूनची तिकिटं निम्म्यावर आलीत. सावकाश काढ, खिडकीची जागाही मिळेल.

अराबा