कासवाच्या खाली

सोमवार, ६ मार्च
चिरंजीवांचा फोन. आई, ते गवत आता तुझ्याच्यानं व्हायचं नाही, सरळ टाइल्स टाकून घेऊ, धुवायलाही सोप्या. जणू बाथरूमच! ह्यांनी मूठमूठ रोप लावून ती हिरवळ केली. सकाळचा चहा आम्ही दोघं तिथंच घ्यायचो आणि हा शहाणा तिच्यावर रांगायचा. मी बजावलं, गवत मी स्वतः कापीन. तो म्हणे, रविवारी टाइलवाल्याला घेऊन येतोय. तोवर हिरवळ कापलेली दिसली तर टाइल्स रद्द.
ह्यांचं गवत कापायचं यंत्र शेडमधून काढलं. एक इंजिन, एक दोरी, हँडलवर एक दांडी. यात न कळण्यासारखं काय आहे?

मंगळवार, ७ मार्च
दांडीला थ्रॉटल म्हणतात. वर सशाचं चित्र, खाली कासवाचं. म्हणजे वेगात आणि हळू. मोठ्या माणसांच्या यंत्रावर बालवाडीची चित्रं! कॉन्व्हेंटमध्ये कॉरिडॉरमधून धावलं की सिस्टर भिंतीशी उभं करायच्या. मी जन्माची कासवाच्या बाजूची. थंड इंजिनाला एकदम पळवणं हा शुद्ध अडाणीपणा. दांडी पार खाली, टोकाला नेऊन ठेवली.
दोरी ओढली. पुष्कळदा. यंत्र ढिम्म.
वन्सं खिडकीत. हे गेल्यावर ह्यांची ही धाकटी बहीण मला सोबत म्हणून राहायला आली. सोबत करते ती टीव्हीला. वहिनी, सशावर ठेवून बघा की, म्हणाल्या. त्यासाठी टीव्हीचा आवाज बंद केला, एवढे उपकार. मी ऐकलंच नाही.

बुधवार, ८ मार्च. सकाळी
दोष सापडला. चोक! पप्पांच्या गाडीला होता. थंडीत बटण ओढायचं, गाडी म्हाताऱ्यासारखी खोकायची, मग बटण अलगद आत सारायचं. ते काम पप्पा मला द्यायचे. पेट्रोलचा तो वास अजून नाकात आहे.
या यंत्राला चोकचं बटणच नाही. इतकी वर्षं ह्यांच्या लक्षात कसं आलं नाही?

दुपारी
चिरंजीवांना कळवलं. तो हसला. म्हणे, चोक ऑटोमॅटिक आहे, इंजिन थंड असलं की आपला आपण लागतो, तापलं की आपला आपण सुटतो, तू कशाला हात लावू नकोस. आपला आपण! या घरात आपलं आपण झालेलं काही मी पाहिलेलं नाही. त्याचं ग्रॅज्युएशनसुद्धा.

गुरुवार, ९ मार्च
कंपनीनं चोक लपवून ठेवलाय. बाजूचं झाकण उघडलं. आत स्पंजचा काळाकुट्ट तुकडा. शांपूनं धुऊन दोरीवर वाळत घातला. वन्सं म्हणाल्या, तो हवेचा फिल्टर, दादा पण धुवायचा. म्हणजे माझं बरोबरच होतं. त्यांचंही बरोबर निघालं, हा योगायोग.
वाळल्यावर बसवला. दांडी कासवाकडे, पार टोकाला. ओढली. ढिम्म.

शुक्रवार, १० मार्च
उजवा खांदा वर होत नाही. वन्संनी मलम चोळून दिलं. चोळता चोळता पुन्हा तेच, वहिनी, एकदा तरी सशावर. मी म्हटलं, इंजिनातलं तुम्हाला काय कळतं, मालिकेतली हरवलेली सून सापडली का ते बघा. तरी त्या चोळायचं थांबल्या नाहीत.
उद्या सोक्षमोक्ष.

शनिवार, ११ मार्च
यंत्राची गरजच काय? शिवणाची मोठी कात्री घेऊन बसले. हातानं कापलेल्या गवताची ऐट वेगळीच.
अंधार पडेपर्यंत उशीच्या अभ्र्याएवढं झालं. लांबून पाहिलं तर हिरवळीला चाई पडल्यासारखी दिसते. लांबून बघायचं नाही.

रविवार, १२ मार्च
चिरंजीव आले. टाइलवाल्यानं आल्या आल्या टेप ह्यांच्या गवतावर पसरला. मी म्हटलं, थांबा. दांडी खाली टोकाला, डाव्या हातानं दोरी. ओढली. ओढली. पुरे गं आई, चिरंजीव म्हणाला. हसला नाही. त्याचंच वाईट वाटलं.
तेवढ्यात वन्सं बाहेर आल्या, गाऊनवरच. खाली वाकून कासवाच्या खालचं वाळकं गवत नखानं खरवडलं. तिथं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, स्टॉप.
आठवडाभर मी बंद यंत्राची दोरी ओढत होते.
वन्संनी दांडी सशावर नेली, दोरी ओढली. इंजिन खोकलं, हुबेहूब पप्पांच्या गाडीसारखं. मग कुणी हात न लावता आपलं आपण एका लयीत चालू लागलं. अख्खी हिरवळ त्यांनी कापली. टाइलवाला टेप गुंडाळून गेला.
आत्या, तू हे कधी शिकलीस, चिरंजीवानं विचारलं. त्या म्हणाल्या, दादानं शिकवून ठेवलं रे, आजारपणात. म्हणाला, गवत सांभाळ, ती कुणाचं ऐकायची नाही.
चहा हिरवळीवरच घेतला, दोघींनी. टीव्ही बंद होता. माझा अभ्र्याएवढा तुकडा तेवढा टक्कल पडल्यासारखा उठून दिसत होता. वन्सं म्हणाल्या, येईल हो तिथंही, आपलं आपण.
मी वाद घातला नाही.