उबवलेलं सोनं

सोमवार

माझी पहिली कुपी तांबडी चमकली! प्रयोगशाळेच्या बाईंनी स्वतः जांभळ्या, अतिनील दिव्याखाली धरून खात्री केली आणि नव्या मुलीचा हात चांगला आहे म्हणाल्या. कृती सोपी आहे. अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन, सोन्याच्या क्षाराचं पाणी, कॉस्टिक सोड्याचे थेंब आणि अंगाइतकी ऊब. प्रथिनाच्या कुशीत सोन्याचे अतिसूक्ष्म पुंजके धरतात. पाऱ्याने त्यांचा उजेड विझतो, म्हणून दूषित पाणी ओळखता येतं. शरीरात सोडले तर गाठ कुठे आहे तेही दिसतं. शेजारच्या टेबलावरचा, ज्याला सगळे चष्मा म्हणतात, तो म्हणाला, आपण सोनं उबवतोय. पिल्लू निघालं तर नाव तू ठेव.

ताईकडे राहायची सोय झाली हेही बरंच. तिची तान्ही छकुली माझ्या उजव्या हातावरच झोपते. पाळणा विकून टाकते, तूच राहा, म्हणते ताई.

मंगळवार

सोन्याचं पाणी उजव्या तळहातावर सांडलं. घाईत साध्या पाण्याऐवजी कॉस्टिकचा बोळा फिरवला. चष्मा म्हणाला, बाईंना सांगू नकोस, उगाच बोलणी खाशील.

बुधवार

तळहात दिव्याखाली तांबडा. साबणाने जात नाही. चष्म्याला हसू आवरेना: प्रथिन तुझं, ऊबही तुझी, आता बस उबवत. हात मात्र गार पडलाय.

गुरुवार

कोपरापर्यंत चढलं. पाऱ्याच्या पाण्यात बोटं बुडवली. उजेड विझला नाही — मागे सरला. दंडाला गरम पिशवी लावली तर सगळा तिकडे धावला. चष्मा हसला नाही. बाईंना उद्या सांगू म्हणाला.

घरी छकुली तापाने फणफणलेली. रडून रडून निळी. मी नको नको म्हणत असताना ताईने त्याच हातावर दिलीच. लगेच झोपली.

शुक्रवार

हात विझलाय. छाती, पाय — कुठेच नाही! आनंदाने रडले. बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं — काल तुझ्यापेक्षा गरम अंगाचं जवळ कोण होतं.

मला आत ठेवून बाहेरून कडी घातली. दिवा घेऊन ताईकडे निघाल्या.

ताईचा फोन. छकुलीचा ताप उतरला — ताई खुशीत आहे — माझाच हातगुण म्हणते. फक्त अंग जरा जास्तच गार लागतंय — म्हणून छातीशी घट्ट धरून बसलीये, ऊब द्यायला —

ओरडले, खाली ठेव तिला. हसली. आईने लेकराला खाली ठेवायचं, वेडी का तू —

आता फोन उचलत नाही. बाई पोचतील. खोली अंधारी करतील. दिवा लावतील, आणि दोघींपैकी कुणाच्या अंगात तांबडं चमकेल —